दुसऱ्यांच्या आयांची लुगडी

माझी माय अमरावतीत घरोघरी पूजेच्या फुलांचा रतीब घालायची, आणि त्याच घरांमधून बायांचे जुने कपडे मागून आणायची. पहिल्या गोष्टीची मला कधी लाज वाटली नाही. आमचे सगळेच नातेवाईक फुलं नाहीतर भाजी पिकवणारे. गावाबाहेरच्या गल्लीत घराला लागूनच आमची लहानशी वाडी होती. तिच्यात शेवंती, झेंडू, मोगरा, कुंपणाला कन्हेर आणि विहिरीजवळ मायनं स्वतःसाठी लावलेले दोन गुलाब होते. बाबा झाडांचं पाहत आणि माय टोपली घेऊन गावात जाई. दुसऱ्या गोष्टीची मात्र मला इतकी लाज वाटायची, की शाळेच्या रस्त्यावर ती समोरून येताना दिसली तर मी आधी तिच्या काखेकडे पाहायची. काखेत गाठोडं नसलं तर मी तिला हाक मारायची. असलं तर चप्पल नीट करायला खाली वाकायची.

आम्ही खाऊनपिऊन बरे होतो. मागून आणलेलं नेसावं अशी वेळ आमच्यावर नव्हती, आणि मायही त्यातलं काही नेसत नव्हती. ती ते कपडे जमवायची. जुनी रेशमी लुगडी, विटलेल्या खणांच्या चोळ्या, कशिदा काढलेले परकर, जरीचे नुसते काठ, एखाद्या म्हातारीचा लग्नातला शेला. रात्री भिजवून ठेवलेले रिठे ती सकाळी चोळायची, त्या पाण्यात एकेक कपडा हलक्या हातानं धुवायची, सावलीत वाळवायची आणि मग सुई घेऊन बसायची. विरलेल्या जागी ती रफू करायची. चोळीची एक बाही पार गेली असेल तर दुसऱ्या चोळीची तशीच बाही शोधून जोडायची, आणि तशी नाहीच मिळाली तर मुद्दाम वेगळ्याच रंगाची लावायची. अशी एक जांभळी चोळी होती, तिची एक बाही पिवळी. ती चोळी आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरींनी घातली असेल.

कारण जमवलेलं सगळं ती देऊन टाकायची. देऊन म्हणजे वापरायला. कोणाची लेक पहिल्यांदा सासरी जायची असली, कोणाच्या पोरीला पाहायला पाहुणे यायचे असले, की बायका आमच्या अंगणात यायच्या. आश्विनात भोंडल्यासारखी आमच्याकडची भुलाबाई बसली म्हणजे तर माय ओसरीत दोरी बांधून सगळे कपडे टांगायची आणि गल्लीतल्या पोरींना म्हणायची, "घ्या वो पोरींनो, जिले जे पायजे ते." पोरी नटून घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरायच्या आणि दुसऱ्या दिवशी घड्या करून परत आणून द्यायच्या. माय त्या घड्या मोडून पुन्हा स्वतःच्या पद्धतीनं घालायची.

मी मुलींच्या शाळेत जात होते. आमच्या जातीत तेव्हा फार मुली शाळेत जात नसत, पण बाबांनी हट्टानं घातलं होतं. शाळेत वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी, कापसाचे व्यापारी यांच्या मुली होत्या. त्यांच्याच घरी माय फुलं द्यायची आणि त्यांच्याच दारात उभी राहून म्हणायची, "वहिनीबाई, जुनं काही फाटकं निघालं तं फेकू नका बरं, मले ठेवजा." एकदा एका वर्गमैत्रिणीनं मला मधल्या सुट्टीत विचारलं, "तुझी आई आमच्याकडून आजीची चोळी घेऊन गेली. तुम्ही त्या फाटक्या चोळ्यांचं काय करता गं?" ती काही खोचून बोलत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, बाबा बैलांचं अंग पुसायच्या चिंध्या करतात. त्या दिवशी घरी गेले तेव्हा तीच चोळी मांडीवर घेऊन माय तिच्या गाठीच्या जागी टाके घालत बसली होती. मला म्हणाली, "पाय, खण कसा आहे." मी पाहिलं नाही.

मग लढाईचे दिवस आले. कापडावर कंट्रोल बसलं, दुकानापुढे रांगा लागू लागल्या आणि चांगल्या घरच्या बायकाही ठिगळाची लुगडी नेसू लागल्या. त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाच्या बाईंनी स्वतः लिहिलेलं एक छोटं नाटक करायचं ठरलं. त्यात एक राणी, तिच्या दोन सुना आणि दासी होत्या. नाटक बसलं, पण कपडे कुठून आणायचे हा प्रश्न पडला. कोणी घरचे जरीचे कपडे द्यायला तयार होईना, कारण फाटलं तर नवं मिळणार नव्हतं. तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, फुलं घ्यायला दारात आल्या असता त्यांनी मायला विचारलं, "तुमच्याकडे म्हणे जुनी लुगडी असतात?"

माय त्या दिवशी वाडीत येईपर्यंत धावतच आली असावी. टोपली खाली ठेवायच्या आधी तिनं बाबांना सांगितलं, "शाळेले माहे कपडे पायजे."

बाबा म्हणाले, "पाय बरं. एखादा फाटला तं बोंबलू नको."

राणीचं काम मला मिळालं. मी वर्गात बरी होते, पाठांतर चांगलं होतं, आवाजही मोठा होता. तरी मला ते का मिळालं हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका मुलीनं तसं म्हणूनही दाखवलं, "तुझी आई लुगडी देणार ना, म्हणून तू राणी."  पण तालमीला जाताना मला पहिल्यांदाच वाटलं, की मायच्या पेटीतून काहीतरी असं निघालं आहे ज्यामुळे मुली माझ्याकडे हेव्यानं पाहतात. ते मला आवडलं हेही खरं.

राणीसाठी मायनं शालू काढला. तो तिला अकोल्याला मिळाला होता. अकोला तिचं माहेर. माझा मामा तिथे राही आणि वर्षातून एकदा आम्ही बडनेऱ्याला गाडी पकडून त्याच्याकडे जात असू. तिथल्या आठवडी बाजारात एका कोपऱ्यात जुने कपडे विकणाऱ्या बाया बसत. मामी नाक मुरडायची, पण माय तिकडे गेल्याशिवाय राहायची नाही. तिथेच एका ढिगाच्या तळाशी तिला तो सापडला. गर्द डाळिंबी रेशीम, हिरवे काठ आणि अंगभर बारीक जरीची बुट्टी. पदराजवळ एके ठिकाणी कधीतरी जळून भोक पडलं होतं. त्यावर कोणीतरी चोळीच्या हिरव्या खणाचा छोटा चौकोन लावून इतक्या बारीक टाक्यांनी शिवला होता, की माय गाडीत बसून अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंत त्या चौकोनावरून अंगठा फिरवत होती. विकणारीनं सांगितलं होतं, मोठ्या घरचा आहे. मायनं त्यापुढे विचारलं नव्हतं. मोठ्या घरांतून कपडे येतातच, रोज तीच ते आणत होती.

संमेलनाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पुढे सतरंज्यांवर प्रतिष्ठित घरच्या बायका, मागे आमच्यासारख्यांच्या आया. हार-गजरे मायनंच दिले होते, त्यामुळे ती सगळ्यांत मागे रिकाम्या टोपल्यांजवळ बसली होती. बक्षिसं द्यायला एका मोठ्या वकिलांच्या पत्नी आल्या होत्या. त्यांना सगळे वकिलीणबाई म्हणत. मायचा त्यांच्या घरीही रतीब होता, पण फुलं नोकर घेई, त्यामुळे त्यांची आणि मायची बोलचाल अशी नव्हती.

नाटक चांगलं झालं. मी एकही वाक्य विसरले नाही. टाळ्या वाजल्या, आम्ही सगळ्या ओळीनं उभ्या राहिलो आणि वकिलीणबाई बक्षिसं द्यायला वर आल्या. माझ्यापुढे आल्यावर त्या थांबल्या. मला वाटलं, माझं काम आवडलं म्हणून काही म्हणतील. त्यांनी माझा पदर हातात घेतला, उलटा केला आणि त्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माह्या मायचा," मी म्हणाले. शाळेत मी 'माझ्या आईचा' म्हणत असे, पण तेव्हा तोंडातून घरचं निघालं.

"तुझ्या आईला कुठे मिळाला?"

"अकोल्याले."

त्यांचा चेहरा बदलला. त्या हळू आवाजातच बोलल्या, पण पुढच्या रांगा इतक्या शांत होत्या की सगळ्यांना ऐकू गेलं. "हा माझ्या आईचा शालू आहे. मी लहान असताना माझ्या हातून निरांजन कलंडलं, तेव्हा हा जळला होता. तिला नेलं तेव्हा आम्ही हा तिच्यावर पांघरला होता. तिरडीवर."

अकोल्याला काय, अमरावतीला काय, प्रेतावर घातलेलं वस्त्र स्मशानात काढून ठेवतात. तिथे काम करणाऱ्यांचा त्यावर हक्क असे. ते ती वस्त्रं विकत आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. लोकांना हे माहीत होतं. फक्त ती वस्त्रं पुढे कुठे जातात याचा विचार कोणी करत नसे. आमच्याही घरात कोणी केला नव्हता.

मी तिथे उभी होते. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं आपल्या मुलीला मांडीवर ओढून घेतलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सुना बाजूला सरकल्या. मी डोक्यापासून पायापर्यंत त्या शालूत गुंडाळलेली होते आणि तो ठिकठिकाणी टाचण्यांनी पक्का केला होता. मला तो ओढून काढता येईना. कोणीतरी पडदा ओढला. एक बाई लांबूनच म्हणाल्या, "अगं, सोड ते आधी." पण सोडायला हात लावायला कोणी पुढे येईना. मीच टाचण्या ओढू लागले आणि एक बोटात घुसली.

माय मागून आली. मांडवातून सगळ्या बायकांच्या मधून ती कशी आली असेल कोण जाणे. तिनं एकेक टाचणी काढली आणि स्वतःच्या तोंडात धरली. शालू उतरवला, स्वतःचा पदर माझ्याभोवती घातला आणि माझं परकर-पोलकं शोधून आणलं. बाकीच्या मुलींनी आपापल्या अंगावरचे कपडे कोपऱ्यात टाकून दिले होते. मायनं ते गोळा केले. दोघींपैकी एका सुनेच्या लुगड्यावर कोणाचा तरी पाय पडला होता. ते तिनं झटकलं आणि गाठोड्यात घातलं.

आम्ही घरी निघालो तेव्हा उन्हं उतरली होती. ती पुढे गाठोडं घेऊन चालत होती आणि मी मागे राहिले. ती थांबली की मी थांबायची. एका वळणावर तिनं वळून पाहिलं आणि मग पुन्हा थांबली नाही.

बाबांनी सगळं ऐकलं आणि मला विहिरीवर नेऊन कडुलिंबाचा पाला टाकून डोक्यावरून पाणी ओतलं. मायलाही न्हायला सांगितलं. मग म्हणाले, "ते नदीत टाक."

माय म्हणाली, "टाकतो."

पण तिनं टाकलं नाही. शालू धुतला आणि गोठ्याच्या आढ्याला वेगळा बांधून ठेवला. बाबा रोज गोठ्यात जात, त्यांना तो दिसत असणारच. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी माय टोपली घेऊन गेली आणि भरलेली टोपली घेऊन परत आली. एका घरी सांगितलं, देवाला घरचीच फुलं निघतात आता. दुसऱ्या घरी दारच उघडलं नाही. तिसऱ्या घरी एका म्हातारीनं स्पष्टच सांगितलं, "तुझ्या हातची फुलं देवाला कशी घालू बाई? तू कसल्या कसल्या कपड्यांना हात लावतेस." माय मला हे सगळं सांगत नव्हती, बाबांना सांगत होती. मी दाराआड होते. फुलं आमच्या अंगणात पडून राहिली. संध्याकाळी बाबांनी ती बैलांपुढे टाकली. बैलांनी झेंडू खाल्ला नाही.

त्यानंतर बाबा स्वतः फुलं घेऊन देवळाच्या रस्त्यावर बसू लागले. तिथे कोण विकतं याकडे कोणी फार बघत नसे. माय वाडीत राहू लागली. तिला गावात गेल्याशिवाय करमत नसे. ती पाणी द्यायची, तण काढायची, आणि काम संपलं की गावाकडच्या रस्त्याकडे तोंड करून बसायची.

मला शाळेत पाठवलं. बसायच्या बाकावर माझ्या बाजूला जागा रिकामी राहू लागली. पाण्याच्या माठाकडे मी गेले की मुली थांबायच्या, मी परत येईपर्यंत. कोणी शिव्या दिल्या नाहीत, मारलं नाही. मोठ्या बाई तर माझ्याशी मुद्दाम गोड बोलायच्या आणि ते सगळ्यांत असह्य होतं. मी घरी सांगितलं, माझं पोट दुखतं. काही दिवस ते खरंही होतं.

अशा एका दुपारी मी घरीच असताना वाडीच्या फाटकाशी टांगा थांबला. त्यातून वकिलीणबाई उतरल्या. मी पळून गोठ्यात गेले आणि टोपल्यांच्या मागे बसले. गोठ्याची भिंत कुडाची होती, बाहेरचं सगळं ऐकू येई.

माय म्हणाली, "या. बसा. घोंगडी टाकतो."

"नको, इथे ओट्यावर बसते."  विहिरीवरच्या चिमण्यांचा आवाज येत होता. शेवटी वकिलीणबाई म्हणाल्या, "तो शालू टाकून दिलात का?"

"नाई."

"मला दाखवाल?"

माय गोठ्यात आली. मी दिसले तिला.  आढ्याची गाठ सोडून शालू घेऊन गेली. मी कुडाच्या फटीतून पाहिलं. वकिलीणबाईंनी तो मांडीवर घेतला आणि त्या रडू लागल्या. मोठ्या घरच्या बाईला मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं. ते पाहून मलाच चोरी केल्यासारखं वाटलं आणि मी फटीपासून डोळा काढला.

"मी तुमच्या मुलीला सगळ्यांपुढे तसं बोलायला नको होतं," त्या म्हणाल्या.

"तुमच्या मायचा होता. तुमच्या तोंडून निंगून गेलं."

"तसं नाही हो. तुम्हाला माहीत नाही." त्या थांबल्या. "माझ्या भावजयीला हा शालू हवा होता. आई आजारी असतानाच ती मागत होती. आई गेली तेव्हा मीच म्हटलं, हा तिच्यावर घाला. सगळ्यांना वाटलं, लेकीची केवढी माया. मला फक्त तो भावजयीला मिळू द्यायचा नव्हता. आणि त्या दिवशी तो तुमच्या मुलीच्या अंगावर पाहिला तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात तेच आलं. की शेवटी कुणीतरी नेसलंच."

 माय म्हणाली, "माही माय अकोल्याले वारली तेव्हा मी दोन जिवाची होती. मले जाऊ देलं नाही. मंग गेली तं तिच्या सगळ्या लुगड्यायच्या गोधड्या झाल्या होत्या. वयनीनं शिवल्या. मी म्हटलं, एक तं ठेवाचं होतं माह्यासाठी. तं ते म्हणे, फाटकंच होतं सारं, का करतं?"

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. ज्या गोधड्या पांघरून आम्ही मामाकडे झोपायचो, त्या त्याच असणार. मायनं तिथे कधी गोधडी घेतली नाही हेही मला तेव्हाच आठवलं. ती म्हणायची, मले उकडते.

"मंग नेता का आता घरी?" मायनं विचारलं.

"घरात घेणार नाहीत."

"मंग काय करू याचं?"

"तुमच्याकडे राहू द्या. तुम्ही नीट ठेवता." मग त्या म्हणाल्या, "आणि उद्यापासून फुलं घेऊन या. तुम्ही स्वतः या. नोकराजवळ देऊ नका."

जाताना त्यांनी विचारलं, "मुलगी आहे का घरी? तिच्याशी बोलायचं होतं."

मी पुन्हा फटीला डोळा लावला; मायनं गोठ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "शाळेत गेली."

मायनं माझ्यासाठी बोललेलं ते खोटं ऐकून मी गुडघ्यात तोंड घातलं. टांगा गेल्याचा आवाज आला तरी बाहेर आले नाही.

वकिलीणबाईंनी शब्द पाळला. माय त्यांच्या घरी जाऊ लागली. त्यांनी चैत्रात हळदीकुंकू केलं तेव्हा गौरीपुढची आरास मायच्या हातची केली आणि आलेल्या बायकांना तसं सांगितलं. त्यानंतर काही घरं परत आली. काही कधीच आली नाहीत. मोठ्या बाईंनी शाळेच्या कामाला मायला पुन्हा बोलावलं नाही.

त्या आश्विनात भुलाबाई बसली तेव्हा मी मायला म्हटलं, "यंदा दोरी नको बांधू." तिनं बांधली. सगळे कपडे टांगले, उन्हात जरी चमकत होती आणि अंगणात कोणी आलं नाही. शेजारच्या ओसरीत पोरी गाणी म्हणत होत्या ते ऐकू येत होतं. मी घरात बसून भिंतीकडे पाहत होते आणि देवाला म्हणत होते, तिनं ते आत घ्यावेत. अंधार पडल्यावर तिनं एकेक उतरवला.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी पलीकडच्या घरची सून आली. कंट्रोलमुळे तिला दुकानात काही मिळालं नव्हतं आणि तिच्या बहिणीला पाहायला पाहुणे यायचे होते. ती दोरीपासून लांब उभी राहून म्हणाली, "काकू, यातलं कोणतं कोणाचं होतं ते सांगता का? मंग घेतो."

आधी कोणी असं विचारलं नव्हतं. माय सांगू लागली. हे अमक्या गल्लीतल्या सोनारणीचं, हे तिच्या लेकीनं दिलं. ही चोळी एका मास्तरणीची, जाड झाली म्हणून येत नाही. याचं मले ठाऊक नाही, बाजारातलं आहे, ते नको घेऊ. तेव्हापासून ती बाजारातून काही आणेनाशी झाली. जिनं स्वतःच्या हातानं दिलं तिचंच घ्यायची, आणि कोणाचं होतं, ती बाई कशी होती, हे विचारून ठेवायची. नेसायला देताना ते सांगायची. बायका कपड्यांइतकंच ते ऐकायला येऊ लागल्या. आणि मग उलटंही होऊ लागलं. मागच्या दारानं कोणी यायची, कागदात गुंडाळलेलं एखादं लुगडं द्यायची आणि म्हणायची, "आईचं आहे. आमच्याकडे ठेवलं तर पायपुसणं होईल."

शालूही माय दाखवायची आणि तो कुठून आला ते सांगायची. बहुतेक जणी हात मागे घ्यायच्या. एका म्हाताऱ्या शेजारणीनं मात्र आपल्या नातीसाठी तो मागून नेला. म्हणाली, "अहेव, कपाळी कुंकू घेऊन गेली नं ते बाई? मंग याच्यासारखं शुभ काय असते?" पोर त्या शालूत लग्नाला उभी राहिली. मायनं वकिलीणबाईंना निरोप पाठवला होता आणि त्या आल्याही, मांडवाच्या कडेला उभं राहून अक्षता टाकून गेल्या. माय आनंदात होती. मी मात्र संपूर्ण लग्नभर मान वर केली नाही. मला वाटत होतं, कोणीतरी उठून पदर हातात घेईल.

माझं लग्न ठरलं तेव्हा लढाई संपून गेली होती. मायनं पेटी उघडून विचारलं, "यातलं काही पायजे तुले?" मी म्हटलं, दुकानातलं नवंच घ्या. तिनं झाकण लावलं.

सासर अकोल्याला होतं. मी तिथे शाळेत शिकवू लागले आणि सासरी, शाळेत, कोणालाच मायच्या त्या नादाबद्दल कधी बोलले नाही. एकदा ती मला भेटायला आली. फाटकातून येताना तिच्या काखेत गाठोडं दिसलं आणि मी ते आत न्यायला पुढे झाले. माझ्या सासूबाईंनी विचारलं, "यात काय आहे वो, इहीणबाई?" आणि मी काही म्हणायच्या आत मायनं ते ओसरीत सोडलं.

मी चहाचं निमित्त करून आत गेले. चुलीपुढे बसून बाहेरचं ऐकत होते. आळीतल्या बायका जमत होत्या. कोणीतरी हसलं आणि माझे कान तापले. मग मायचा आवाज आला, "हे एका ओल्या बाळंतिणीचं आहे, तिनं मले दिलं तेव्हा लेकरू मांडीवर होतं," आणि हसणं थांबलं.  सासूबाईंचा आवाज आला तेव्हा तो मला ओळखू आला नाही. त्या म्हणत होत्या, "माह्या मायचा एक शेला आहे माह्या पेटीत. थांबा, आणतो."

चहा उकळून वर आला होता. मी तो उतरवला, कपांत ओतला आणि ट्रे घेऊन बाहेर गेले. ओसरीभर लुगडी पसरली होती. पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाईनं सरकून मला बसायला जागा करून दिली आणि मांडीवर कोणाची तरी चोळी ठेवली. मी ट्रे हातात घेऊन उंबऱ्याशीच उभी राहिले. माय वर पाहून म्हणाली, "बस न वो." मी म्हटलं, बसते, आधी चहा देते सगळ्यांना.